इराणची मोठी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणचं नाव आपल्यापर्यंत पोचतं ते बहुधा तेल, युद्ध आणि निर्बंध यांच्या बातम्यांतून. त्या देशाची खरी ओळख व्हायला मात्र तिथल्या कवींपासून सुरुवात करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. राजे, सेनापती, वैद्य, गणिती सगळे खाली येतील, पण इराणी माणूस आपला इतिहास आठवतो तो कवितेच्या वाटेनं. पुढच्या उत्तरांत कवींना झुकतं माप मिळालेलं दिसेल, ते याच कारणानं.

रूमीची कबर तुर्कस्तानात, इब्न सिना बुखाऱ्याकडचा. मग यांना इराणी कसं म्हणायचं?

आजच्या नकाशावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. हजार वर्षांपूर्वी फारसी भाषेचा आणि संस्कृतीचा पट्टा आजचा इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान असा पसरलेला होता. इब्न सिनाचा जन्म इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळचा, मृत्यू १०३७ मध्ये हमदानला, आणि त्याचे बरेचसे ग्रंथ अरबीत. जलालुद्दीन रूमी १२०७ मध्ये बल्खच्या मुलखात जन्मला आणि १२७३ मध्ये कोन्याला वारला, पण त्याच्या ‘मसनवी’च्या सुमारे २५ हजार द्विपदी फारसीत आहेत. इराणात त्याला रूमी कुणी म्हणत नाही, तिथं तो ‘मौलाना’ किंवा ‘मौलवी’. अफगाण, ताजिक, तुर्क सगळेच त्याच्यावर हक्क सांगतात, आणि त्या हक्कात तथ्य आहे. या पानावर ‘इराणी’ हा शब्द त्या मोठ्या सांस्कृतिक मुलखासाठी वापरला आहे.

एकाच माणसापासून सुरुवात करायची तर कुणापासून?

फिर्दौसीपासून. दुसरं नाव सुचवणारे भेटतील, मी सुचवणार नाही.

खुरासानातल्या तूस शहराजवळच्या एका जमीनदार घराण्यात साधारण ९४० च्या सुमारास तो जन्मला. सातव्या शतकात अरबांनी सासानी साम्राज्य जिंकलं, शेवटचा राजा तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये मारला गेला, आणि पुढं दोनेक शतकं लिहिण्यावाचण्याच्या जगात अरबीचाच बोलबाला राहिला. जुन्या राजांच्या आणि वीरांच्या कथा गावोगावच्या जमीनदार घराण्यांत जपल्या गेल्या होत्या. त्या छंदात बांधायला आधी दकीकी नावाच्या कवीनं घेतल्या, पण हजारेक द्विपदी झाल्या आणि त्याचा खून झाला. फिर्दौसीनं त्या ओळी आपल्या ग्रंथात घेतल्या आणि त्या दकीकीच्या आहेत हे तिथंच सांगून टाकलं. पुढची तीसेक वर्षं तो लिहीत राहिला. १०१० मध्ये पुरा झालेला ‘शाहनामा’ सुमारे ५० हजार द्विपदींचा आहे.

त्यातली रुस्तम-सोहराबची कथा बहुतेकांनी कुठं ना कुठं ऐकलेली असते. बाप आणि मुलगा एकमेकांना न ओळखता लढतात, बापाच्या हातून मुलाला प्राणघातक घाव बसतो, आणि मग दंडावरचं ताईत पाहून ओळख पटते. रुस्तम राजा कैकाऊसकडे संजीवनी औषध मागायला माणूस धाडतो. बाप-लेक दोघं मिळून आपल्याला भारी पडतील या भीतीनं राजा ते नाकारतो. आपण जिथं ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हणतो, तिथं इराणी माणूस आजही ‘सोहराब मेल्यावर औषध’ म्हणतो. काव्यातला प्रसंग बोलण्यात इतका मुरला आहे.

गझनीच्या महमूदानं फिर्दौसीला सोन्याऐवजी चांदीची नाणी दिली, कवीनं ती हमामखान्यातल्या नोकराला आणि सरबतवाल्याला वाटून टाकली, आणि महमूदाला उपरती होऊन त्यानं पाठवलेले उंट तूसच्या एका वेशीतून आत येत असताना दुसऱ्या वेशीतून कवीची अंत्ययात्रा निघाली होती, ही गोष्ट बाराव्या शतकातल्या निजामी अरूजीनं लिहून ठेवली आहे. इतिहास म्हणून ती तंतोतंत धरू नये. राजाचा कोतेपणा आणि कवीचा ताठपणा लोकांनी कसा लक्षात ठेवला, हे मात्र तीतून नेमकं कळतं.

कुरुश राजानं जगातली पहिली मानवी हक्कांची सनद दिली, हे खरं का?

असं सर्रास सांगितलं जातं, पण ते ताणलेलं आहे. कुरुशनं (इंग्रजीतला सायरस) इ. स. पू. ५५० च्या सुमारास हखामनी साम्राज्याचा पाया घातला आणि ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं. त्या विजयानंतरचा, भाजलेल्या मातीचा, पिंपासारख्या आकाराचा, जेमतेम वीतभर लांबीचा एक लेख १८७९ मध्ये बाबिलोनच्या उत्खननात सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. मर्दुक देवानं आपल्याला निवडलं, आपण देवांच्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या देवळांत परत बसवल्या, उठवलेल्या लोकांना आपापल्या ठिकाणी जाऊ दिलं, असं त्यात कुरुश म्हणतो. जिंकलेल्या शहराची मर्जी राखायला असे लेख कोरवून घेण्याची मेसोपोटेमियातली जुनी रीत होती. १९७१ मध्ये इराणच्या शहानं साम्राज्याची अडीच हजार वर्षं साजरी केली, तेव्हा या लेखाला ‘मानवी हक्कांची सनद’ म्हणून मिरवण्यात आलं.

म्हणून कुरुश लहान होत नाही. पराभूतांची देवळं न पाडता आपण त्यांचेच देव मानतो असं जाहीर करणारा विजेता त्या काळात उठून दिसतो, आणि ज्यूंच्या धर्मग्रंथात परक्या राजाबद्दल इतकं चांगलं क्वचितच लिहिलेलं आहे. हा लेख २०१३ च्या डिसेंबरात मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता, तेव्हा तो अनेक मराठी वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असेल.

दारयवौशचं नाव बेहिस्तूनच्या कड्याशी का जोडलं जातं?

दारयवौश (इंग्रजीतला डेरियस) हा कुरुशनंतरचा हखामनी राजा. हमदान-केरमानशाह रस्त्यावर जमिनीपासून खूप उंचावर त्यानं आपली सत्ताप्राप्तीची हकिकत तीन भाषांत कोरवून घेतली : प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिलोनी. वर शिल्प आहे. राजाचा पाय एका पाडलेल्या शत्रूच्या छातीवर, समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर, आणि शेवटच्या शक सरदाराच्या डोक्यावर उंच टोकदार टोपी. कीलाकार लिपी वाचायची किल्ली याच लेखातून मिळाली. तो उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत भरती होऊन आलेला शिपाईगडी होता. बाबिलोनी मजकुराचे कागदी ठसे त्याला १८४७ मध्ये मिळाले ते एका कुर्द पोरामुळे. तो पोरगा कड्याच्या भेगांत खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत तिथवर गेला. त्या पोराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

जरथुष्ट्र कधी होऊन गेला? आणि पारशी व इराणी एकच का?

काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्याच्या मानल्या जाणाऱ्या १७ गाथांची अवेस्ता भाषा ऋग्वेदाच्या भाषेच्या इतकी जवळची आहे की बरेच जण त्याला इ. स. पू. १००० च्याही मागे नेतात.

पारशी आणि इराणी धर्मानं एकच, दोघंही जरथोस्ती. पारशांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. मुंबई-पुण्यातली ‘इराणी’ घराणी मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकात यज्द आणि केरमानकडून आली. या दोन टोकांना जोडणारा एक माणूस सहसा विसरला जातो, तो म्हणजे माणेकजी लिमजी हातारिया. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये त्यांना इराणात पाठवलं. तिथल्या जरथोस्तींची हलाखी पाहून त्यांनी शाळा काढल्या, अग्निमंदिरं दुरुस्त केली आणि दरबारी खेटे घालत राहिले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहानं जरथोस्तींवरचा जिझिया उठवला.

उमर खय्याम कवी होता की गणिती?

हयातीत त्याची कीर्ती गणिती आणि ज्योतिषी म्हणून होती. १०४८ मध्ये निशापूरला जन्मलेल्या खय्यामनं त्रिघाती समीकरणांची उकल शंकुच्छेदांच्या साहाय्यानं मांडली, आणि मलिकशाह सुलतानाच्या पदरी इतर पंडितांबरोबर जी कालगणना सिद्ध केली ती १०७९ पासून लागू झाली. रुबायांचं, म्हणजे चार ओळींच्या कवितांचं, प्रकरण गुंतागुंतीचं आहे. त्याच्या नावावरच्या शेकडो रुबायांपैकी नक्की त्याच्या किती, यावर वाद संपलेला नाही. १८५९ मध्ये फिट्झजेराल्डनं इंग्रजीत जे केलं त्यामुळं तो जगभर पोचला, पण मदिरेच्या पेल्यापुरता उरला.

मराठीत आपलं भाग्य बरं. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी रुबाया थेट मूळ फारसीतून मराठीत आणल्या, आणि त्याआधी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता. मराठीत गझल रुजवणारेही तेच. खय्याम वाचायचा तर इंग्रजीच्या फेऱ्यात न पडता त्यांच्याकडून वाचावा.

खय्यामला भेटलेला निजामी अरूजी एक आठवण सांगतो. ‘माझी कबर अशा जागी असेल जिथं झाडं माझ्यावर मोहोर ढाळतील,’ असं खय्याम एकदा म्हणाला होता. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी अरूजी निशापूरला गेला, तेव्हा कबर एका बागेच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडच्या झाडांच्या पाकळ्यांनी झाकून गेलेली होती.

सादी आणि हाफिज दोघंही शिराझचे. फरक काय?

सादी तेराव्या शतकातला, जग हिंडलेला, व्यवहार शिकवणारा. १२५७ चं ‘बोस्तान’ आणि १२५८ चं ‘गुलिस्तान’ या त्याच्या दोन ग्रंथांवर हिंदुस्थानातल्या फारसी शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या. माणसं एकाच देहाचे अवयव आहेत, एक दुखला की बाकीच्यांना चैन पडत नाही, हे त्याचं सांगणं इराणी शाळकरी पोराला पाठ असतं.

हाफिज चौदाव्या शतकातला, आणि शहर सोडून फारसा न गेलेला. त्याच्या गझलेत प्रियकर, ईश्वर आणि राजा यांतला नेमका कोण संबोधला आहे, हे ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. ढोंगी धर्ममार्तंडांवर त्यानं ओढलेले कोरडे इतके नेमके आहेत की प्रत्येक राजवटीला ते आपल्यालाच लागलेत असं वाटावं. इराणी घरात कुराणाशेजारी हाफिजचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, असतो. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, यल्दाला, डाळिंबं आणि कलिंगडं मांडून घरची वडीलधारी मंडळी मनात प्रश्न धरतात, दीवान उघडतात आणि जी गझल येईल तिचा कौल घेतात. रस्त्यावर हाफिजच्या ओळींची पाकिटं विकणारी मुलं असतात. एखाद्या पेटीवर बसलेला छोटा पक्षी चोचीनं पाकीट उचलून देतो.

हाफिज दख्खनला यायचा होता, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. गुलबर्ग्याच्या दुसऱ्या मुहम्मदशाह बहमनीनं त्याला बोलावणं आणि वाटखर्च पाठवला होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजावर चढलाही. तेवढ्यात वादळ सुटलं. मित्रांचा निरोप घ्यायचा राहिलाय असं सांगून तो उतरला आणि परत शिराझला गेला. मागं एक गझल पाठवली : मोत्यांच्या आशेनं समुद्राचं दुःख आधी सोपं वाटलं होतं, पण शंभर मोत्यांसाठीही ते सोसण्याजोगं नाही.

मग दख्खनमध्ये प्रत्यक्ष आलेले इराणी कोण?

पुष्कळ, आणि त्यातले काही इथल्या इतिहासात खोलवर रुतलेले. कास्पियन काठच्या गिलानचा महमूद गावान १४५३ मध्ये बिदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. कोकणातला खेळणा म्हणजे आपला विशाळगड त्यानं घेतला, १४७२ मध्ये गोवा जिंकला, आणि बिदरला मोठा मदरसा उभारला. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या कौलांचे अवशेष अजून दिसतात. दरबारातल्या शत्रूंनी त्याच्या नावानं खोटं पत्र रचलं आणि १४८१ मध्ये सुलतानानं त्याला मारलं. बहमनी राज्य त्यानंतर सावरलं नाही.

शाह ताहिर हा धर्मपंडित अहमदनगरला आला, आणि त्याच्या प्रभावानं बुऱ्हाण निजामशहानं १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. खुद्द फिरिश्ता कास्पियनजवळच्या अस्तराबादचा. लहानपणी अहमदनगरला आला, निजामशाहीत वाढला, पुढं विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला त्यानं आपला इतिहास लिहिला. मध्ययुगीन दख्खनबद्दल काहीही वाचा, दर दोन पानांनी त्याचा आधार येतो.

शास्त्रज्ञांत ठळक नावं कोणती?

इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ ‘अल्-कानून’ युरोपातल्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता, आणि युनानी वैद्यकात आजही तो पायाभूत आहे. तेहरानजवळच्या रे शहरचा राझी देवी आणि गोवर यांतला फरक स्पष्ट मांडणारा. इराणात इब्न सिनाचा जन्मदिवस डॉक्टरांचा दिवस, तर राझीचा दिवस औषधनिर्मात्यांचा. नसीरुद्दीन तूसीनं १२५९ मध्ये मराग्याची वेधशाळा सुरू केली, तीही मंगोल हुलागूकडून पैसा मिळवून.

मला सर्वांत जवळचा वाटतो अल् बिरुनी. महमूदाच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हा ख्वारिझमचा पंडित संस्कृत शिकला, पंडितांपुढे बसला, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. परधर्माची टिंगल न करता त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मांडायची त्याची शिस्त आजही दुर्मीळ आहे. धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेच्या वर्णनात महाराष्ट्र देश येतो आणि कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठचं ठाणेही येतं.

नादिरशहा दिल्ली लुटणारा. इराणात त्याला वीर कसं मानतात?

कारण १७२० च्या दशकात मोडून पडलेला देश त्यानं अफगाण आणि उस्मानी (तुर्की) फौजांच्या तावडीतून सोडवला. आपल्याला आठवतं ते फेब्रुवारी १७३९ ची कर्नालची लढाई आणि मार्चमधली दिल्लीची कत्तल. तो दिल्लीत होता तेव्हा चिमाजीअप्पा वसईला वेढा घालून बसले होते. शेवटी शेवटी तो इराणलाही छळू लागला. पोटच्या मुलाचे डोळे काढवले, करांनी प्रजेला पिळलं, आणि १७४७ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला तंबूत मारलं. इराणी इतिहासकारही हा उत्तरार्ध झाकत नाहीत.

सफवी राजा शाह अब्बासचंही तसंच. १५९८ मध्ये इस्फहानला राजधानी नेऊन त्यानं जगातला एक अप्रतिम चौक वसवला, आणि गादीचे वारस उलटतील या भीतीनं आपल्याच मुलांचा घात केला.

आधुनिक काळात कुणाचं नाव आदरानं घेतलं जातं?

दोन पंतप्रधानांचं. अमीर कबीर हा स्वयंपाक्याचा मुलगा १८४८ मध्ये वजीर झाला. दरबारी खर्चाला कात्री, देवीच्या लसी, वर्तमानपत्र, आणि दारुल्फुनून ही आधुनिक शिक्षणसंस्था, हे सगळं तीन वर्षांत. शाळा उघडली तेव्हा त्याला पदावरून काढलेलं होतं. जानेवारी १८५२ मध्ये काशानच्या फीन बागेतल्या हमामात शहाच्या हुकमानं त्याच्या नसा कापण्यात आल्या. ती बाग पाहायला येणारे लोक आधी तो हमाम कुठं ते विचारतात.

दुसरा मोहम्मद मोसद्देक. १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल राष्ट्राच्या मालकीचं करण्यात त्याचा पुढाकार होता. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांनी घडवलेल्या उठावात त्याचं सरकार पाडलं गेलं. खटला, तुरुंग, मग अहमदाबाद नावाच्या आपल्या गावी १९६७ मध्ये मरेपर्यंत नजरकैद. आजचे इराण-अमेरिका संबंध समजून घेताना लोक १९७९ च्या क्रांतीपासून सुरुवात करतात, ती १९५३ पासून करायला हवी.

स्त्रियांची नावं इतिहासात कमी का दिसतात?

लिहिणाऱ्यांनी कमी लिहिली म्हणून. कवयित्री ताहिरेनं १८४८ मध्ये पुरुषांच्या सभेत चेहऱ्यावरचा पडदा दूर केला, चार वर्षांनी तिला मारण्यात आलं. फुरूग फर्रुखजाद स्त्रीच्या इच्छेबद्दल उघड लिहिणारी कवयित्री. तिनं तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन वीसेक मिनिटांचा माहितीपट केला, आणि तिथल्या एका मुलाला आपल्या घरी घेऊन आली. १९६७ मध्ये मोटार अपघातात ती गेली तेव्हा ३२ वर्षांची होती. सीमीन दानिश्वर कादंबरीतलं मोठं नाव, सीमीन बहबहानी गझलेतलं.

शांततेचं नोबेल २००३ मध्ये वकील शिरीन इबादी यांना आणि २०२३ मध्ये नर्गिस मोहम्मदी यांना मिळालं. नर्गिस तेव्हा एविन तुरुंगात होत्या, ओस्लोला त्यांची मुलं गेली.

आणि मरियम मिर्झाखानी. तेहरानच्या शाळेतून निघून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये लागोपाठ दोनदा सुवर्णपदक, २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री. जमिनीवर मोठमोठे कागद पसरून त्यांवर आकृत्या काढत ती विचार करायची, तिच्या लहान मुलीला वाटायचं आई चित्रं काढतेय. २०१७ मध्ये कर्करोगानं ती चाळिशीतच गेली, तेव्हा काही इराणी वृत्तपत्रांनी रूढ नियम मोडून डोक्यावर रुमाल नसलेला तिचा फोटो छापला.

इराणी सिनेमाचा मुंबईशी काय संबंध?

पहिला फारसी बोलपट १९३३ चा ‘दुख्तर-ए-लोर’, आणि तो तयार झाला मुंबईत, ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत. कथा आणि नायकाची भूमिका अब्दुल्हुसैन सपंता यांची. पुढच्याच वर्षी त्यांनी फिर्दौसीवर चित्रपट केला. नंतरच्या पिढ्यांत अब्बास किआरोस्तामी (१९९७ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक), दोनदा ऑस्कर मिळवणारे असगर फरहादी, आणि २०१० मध्ये २० वर्षांची चित्रपटबंदी लादली गेली तरी लपूनछपून चित्रण करत राहिलेले जाफर पनाही, ज्यांना २०२५ मध्ये कानचं तेच पारितोषिक मिळालं.

गाण्यातलं एकच नाव?

मोहम्मदरझा शजरियान. रमजानचा उपास सोडायच्या वेळी रेडिओवर लागणारी त्यांची ‘रब्बना’ ही प्रार्थना तीन दशकं घराघरांत होती. २००९ च्या आंदोलनात ते लोकांच्या बाजूनं बोलले आणि सरकारी वाहिन्यांवरून त्यांचा आवाज गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये ते वारले, आणि त्यांना पुरलं ते तूसला, फिर्दौसीच्या समाधीच्या आवारात.

इराणी पुस्तकांतली सालं वेगळी दिसतात, ती कशी जुळवायची?

इराणात हिजरी सौर सन चालतो. वर्ष वसंतसंपाताला, २०-२१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ६२१ आणि त्यानंतरच्या तारखांना ६२२ मिळवायचे. मोसद्देकचं सरकार पडलं ती तारीख २८ मोर्दाद १३३२, म्हणजे १९५३. तेलाच्या राष्ट्रीयीकरणाची २९ इस्फंद १३२९, म्हणजे मार्च १९५१, आणि त्या दिवशी अजूनही सार्वजनिक सुट्टी असते. हा हिशेब आधुनिक काळापुरताच. हाफिजच्या मृत्यूचं ७९२ हे साल चांद्र हिजरी आहे, त्याला ६२१ मिळवून चालणार नाही. ते इसवी सन १३९० आहे.